पुण्याहून पुण्याला, ओढ्यातून मासे मोजत

माझे थोरले मेहुणे युरोप करून आले तेव्हा त्यांनी आम्हाला दोन संध्याकाळी सलग बसवून फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत पुढे मेहुणे होते आणि मागे उरलेल्या जागेत देश. त्या वेळी मी ठरवलं की आपण कधी प्रवास केलाच तर माणसांना डांबून ठेवायचं नाही, लिहून द्यायचं. ज्याला वाचायचं तो वाचेल, नसेल वाचायचं तो त्या कागदावर चिवडा घेईल.

तर हा प्रवास पुण्याहून पुण्याला आहे. अंतर साधारण नऊ किलोमीटर, लागलेला वेळ चार दिवस. रिक्षाने तेवढ्याला अर्धा तास पुरतो, रिक्षावाल्याच्या मनात तिकडे यायचं असेल तर. आम्ही ओढ्यातून गेलो. कडेकडेने नव्हे, आतून, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, डोंगरापासून नदीपर्यंत, दर पन्नास मीटरवर थांबत. तुम्ही हा प्रवास करावा असं मी म्हणणार नाही. पण पुण्यात राहत असाल तर तुमच्याही इमारतीमागे असा एखादा ओढा असण्याची शक्यता आहे, आणि तुम्ही त्याला नाला म्हणत असाल. आम्हीही म्हणायचो.

मी चौतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. यंत्रांचे भाग कागदावर काढायचे, हे काम. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष मी घरातल्या वस्तू सरळ करण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी कुमुदने, म्हणजे माझ्या बायकोने, सांगितलं की कॅलेंडर वाकडं राहू द्या, भिंतीला काही वाटत नाही. त्यानंतर मी फारसं काही केलं नाही. बोलणंही कमीच झालं होतं, हे मला नंतर कळलं.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी दारात सुनंदा आली. आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर भाड्याने राहते, मूळची भंडाऱ्याची, आणि माशांवर संशोधन करते. तिला पूर्ण ओढ्याचा नकाशा करायचा होता: कुठे पाणी खोल आहे, कुठे उथळ, तळाला दगड आहे की गाळ, आणि कुठल्या पट्ट्यात कुठले मासे राहतात. म्हणजे ओढ्याचा कुठला भाग आधी वाचवायचा ते ठरवता येतं. तिच्याकडे त्यासाठी फोन होता, पण उंच इमारतींच्या मध्ये फोन चुकीची जागा दाखवायचा. फोनच्या मते आदल्या दिवशी तिला एक मासा समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, कुलकर्ण्यांच्या बेडरूममध्ये सापडला होता. तेव्हा टेप धरून मोजणारा आणि हाताने काढणारा माणूस तिला हवा होता. सुरुवातीला जुना नकाशा बघावा म्हणून मी कपाटातून सोसायटीचा मागच्या वर्षीचा आराखडा काढून दिला. माझ्याच हातचा, सुबक.

तिने तो उलटसुलट करून पाहिला. "काका, यात ओढा कुठं आहे?"

मी बोट ठेवलं.

"ही तर तुटक रेघ आहे."

"झाकलेली वस्तू तुटक रेषेने दाखवतात. नियम आहे तसा."

"पण झाकला कुठं आहे जी? मी आत्ताच पाहून आली. वाहून रायला चांगला."

आता इथे मला खरं सांगायला हवं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आगटे यांना ओढ्यावर स्लॅब टाकून पार्किंग करायचं होतं. अर्जाला आराखडा हवा होता. आगटे म्हणाले, आधीच झाकलेला दाखवा, मंजुरी लवकर मिळते, नाही तरी झाकणारच आहोत. मी दाखवला, आणि खाली सही केली. तेव्हा काही वाटलं नाही. पण त्या मुलीने सरळ मनाने विचारल्यावर मला माझ्याच रेषेची लाज वाटली. चौतीस वर्षांत मी चुकीची रेषा काढली असेल, खोटी काढली नव्हती.

त्या स्लॅबची सुनावणी पुढच्या शुक्रवारी महापालिकेच्या कार्यालयात होती. सुनंदाने समजावून सांगितलं की आमच्यामागचा अर्धा किलोमीटर हा मधल्या शहरातला एकच उघडा, दगडी तळाचा पट्टा आहे. तो झाकला तर वरचे मासे वर अडकतील, खालचे खाली, आणि हळूहळू दोन्हीकडचे संपतील. त्या पट्ट्यात मूळचे, इथलेच मासे राहतात असं नकाशावर दाखवता आलं, तर कार्यालयाला पुन्हा विचार करावा लागेल. मी म्हणालो, टेप माझी, पेन माझं, कधी निघायचं?

सोमवार, डोंगराचा पायथा

निघताना कुमुदने हातावर दही ठेवलं.

"अगं, संध्याकाळी घरी येणार आहे मी."

"चार दिवसांचा प्रवास म्हणालात ना. मग घ्या दही."

मुक्कामाची सोय म्हणून या प्रवासाला तोड नाही. रोज घरचं जेवण, घरचं अंथरूण, आंघोळीला कढत पाणी. अट एवढीच की बूट जिन्यात काढायचे आणि माशाचं पाणी लागलेली कुठलीही वस्तू स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. आमच्या घरात मासा आजवर फक्त राशिभविष्यात आला आहे, शेवटच्या रकान्यात.

ओढा सुरू होतो ते एका उंबराखाली, दगडांतून ओल झिरपते तिथे. थोडं खाली आलं की त्याला आवाज येतो. तिथे पारूबाई नावाच्या एक आजीबाई म्हशी पाण्यावर घेऊन आल्या होत्या. आम्ही वाकून दगड उचलतोय, जाळीचा डबा बुडवतोय, वहीत लिहितोय, हे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काय हुडकताय?"

"मासे," मी म्हणालो.

"मासं हायती की. गळ न्हाई आणला?"

"धरून खायचे नाहीत. मोजायचे आणि सोडायचे."

"सोडायचं?"

"हो."

"आन् कागदावर लिवायचं."

"हो."

आजीबाईंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "पेन्शन हाय का तुमास्नी?"

मी हो म्हणालो.

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांची काळजी मिटली.

त्यांनीच मग दाखवलं की कुठल्या दगडाला हात घालायचा. दगड हळू उचलला तर खालच्या बाजूला बोटभर लांबीचा, मातीच्या रंगाचा एक मासा घट्ट बसलेला. हा मळ्या. याचं तोंड पोटाकडे असतं आणि तोंडाखाली एक चकती. ती दगडाला लावली की वरून पूर गेला तरी गडी जागचा हलत नाही. पेठेतल्या जुन्या भाडेकरूंत मी हा गुण पाहिलेला आहे. दुसरा दांडवण, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ, इतकी सरळ की माझ्यासारख्या माणसाने मान डोलवावी. तिसरी मुरी, ही वाळूत शिरते आणि फक्त मिशा बाहेर ठेवते. तिन्ही अगदी इथले. सुनंदाच्या वहीत दोनच रकाने होते, इथले आणि बाहेरचे. डास खायला म्हणून सोडतात ते गप्पी मासे बाहेरचे, तळ्यातून येणारा चिलापी बाहेरचा.

"गप्पी कितीतरी वर्षं आहेत की आमच्याकडे," मी म्हणालो.

"मलाही सात वर्षं झाली जी पुण्यात," ती म्हणाली. "अजून पहिला प्रश्न हाच असते, मूळच्या कुठल्या?"

त्यावर मी वहीत खोली लिहायला लागलो. लिहिता लिहिता शेवाळावरून पाय सटकला आणि मी बसलो, थेट प्रवाहात. वही धरलेला हात तेवढा वर राहिला. चौतीस वर्षांची सवय. पारूबाई म्हणाल्या, आता हेबी लिवा.

रात्री जेवताना मी कुमुदला मळ्या कसा चिकटतो ते आमटीची वाटी ताटाला उलटी दाबून दाखवलं. आपल्यामागच्या पट्ट्यात हे तीन प्रकार मिळाले तर स्लॅब अडेल, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली आणि आमटी पुसायलाही उठली नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मंगळवार, शहराच्या मागच्या बाजूने

डोंगर संपला की ओढा शहरात शिरतो, आणि शहर त्याच्याकडे पाठ करून बसतं. ओढ्यातून दिसणारं पुणं म्हणजे न्हाणीघरांच्या छोट्या खिडक्या, त्यांत शँपूच्या बाटल्या, आणि खाली पाइप. पुढून ज्या इमारतींची नावं वृंदावन आणि नंदनवन, त्यांची मागून ओळखसुद्धा लागत नाही. सुनंदाला याचं सतत नवल वाटत होतं. तिच्याकडे गावाचं तोंड तलावाकडे असतं. घाट तिकडे, देऊळ तिकडे, चारचौघांत बसायचं तेही तिकडेच.

"इथं पाण्याला पाहुण्यासारखं नाही, चोरासारखं मागून येऊ देते लोकं," ती म्हणाली. मला आमच्या न्हाणीघराची खिडकी आठवली, तीही तिकडेच आहे.

एका मोठ्या सोसायटीत ओढा कंपाउंडच्या भिंतीखालून आत जातो. आम्हीही वाकून आत गेलो. लगेच शिट्टी झाली. वॉचमन सभ्य होता. म्हणाला, असं येता येणार नाही, गेटवरून या. आम्ही उलटे बाहेर निघालो, कडेला चढलो, रस्त्याने गेटवर गेलो. त्याने फोन काढला.

"कोणाकडे जायचंय?"

"ओढ्याकडे."

"फ्लॅट नंबर?"

"ओढ्याला फ्लॅट नाही."

त्याने यादी खालीवर सरकवली. ओढा रहिवासी नव्हता, भाडेकरू नव्हता, कामवाल्या बायकांतही नव्हता. आणि आत कोणी हो म्हटल्याशिवाय गेट उघडत नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन खाली आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या नावावर आम्हाला आत घेतलं. कारण या रकान्यात 'पार्सल' हा पर्याय त्यांना जवळचा वाटला. आम्ही लॉबीतून चालत जाऊन पुन्हा ओढ्यात उतरलो, मघाशी उभे होतो त्याच ठिकाणी. तिथे गप्पी सापडले. ते मात्र भिंतीखालून बिनदिक्कत येत जात होते.

दुपारी ओढा एका मंगल कार्यालयाखाली गेला. वर पंगत, खाली पाणी. आत वाकून चालताना डोक्यावरून पाट सरकल्याचे आवाज येत होते. पलीकडे बाहेर पडलो तो थेट भटारखान्याच्या मागच्या दारात. मुलीचे काका तिथे घामाघूम होऊन उभे होते. आमचे बूट, हातातली जाळी, चिखल, सगळं बघून ते म्हणाले, "आलात का? केव्हाचा फोन करतोय. मोरी तुंबली आहे."

सुनंदाने मला काही बोलू दिलं नाही. तिने जाळीचा दांडा मोरीत घातला, दोनदा ढवळला, आणि आतून पत्रावळीएवढा अळूच्या पानांचा गठ्ठा काढला. पाणी भसकन गेलं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला बूट काढायला लावून पंगतीत बसवलं. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, वर मठ्ठा. आग्रह करणाऱ्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे? मी म्हणालो, ओढ्याकडचे. त्या म्हणाल्या, वा, कोकणातले का, आणि आणखी एक जिलेबी वाढली.

बुधवार, आमच्या घरामागे

बुधवारी आमचा पट्टा. सकाळी आठला उतरलो. सुनंदाने पहिल्याच ठिकाणी जाळी बुडवली, वर घेतली आणि थांबली.

जाळीत सोनेरी मासा होता. लांब पिसाऱ्याची शेपटी, फुगीर डोळे. शेजारी काळे-पांढरे पट्टे असलेला, ताटलीसारखा चपटा दुसरा. पुढच्या पन्नास मीटरवर आणखी दोन सोनेरी. एका डबक्यात जांभळा, चिडका, एकटा फिरणारा. दगडावर एक कासव ऊन खात होतं, त्याच्या पाठीवर नेलपॉलिशने 'मन्या' लिहिलेलं होतं.

आणि त्याच्याही पुढे, उथळ पाण्यात, दोन दगडांच्या मध्ये एक पापलेट होतं. मेलेलं, म्हणजे तसं म्हणायचीही गरज नव्हती, कारण ते साफ केलेलं होतं. पोट कापून आतलं काढलेलं, वर मसाला भरायला तिरक्या चिरा दिलेल्या.

"काका," सुनंदा म्हणाली, "हा समुद्राचा मासा आहे."

मी वर पाहिलं. कंपाउंडच्या भिंतीवरून सोसायटीचा सगळा हास्यक्लब खाली बघत होता. कौतुकाने. साठेकाकू म्हणाल्या, "सापडले का? आम्ही कालच सोडलेत."

हळूहळू उलगडा झाला. कुमुदने मंगळवारी सकाळी हास्यक्लबमध्ये सांगितलं होतं की ओढ्यात मासे सापडले तर ओढा वाचेल. मग काय, सगळ्यांनी मनावर घेतलं. साठेकाकूंनी नातवंडांचा फिशटँक रिकामा केला, दुसऱ्या मजल्यावरच्या कर्नलसाहेबांनी आपला लढाऊ मासा दिला, कोणी कासव दिलं. स्लॅब नको असलेली एवढी माणसं आमच्या सोसायटीत आहेत हे मला माहीतच नव्हतं. मीटिंगमध्ये सगळे गप्प असतात.

"आणि पापलेट?" मी विचारलं.

सगळ्या माना एकीकडे वळल्या. मग कुमुद म्हणाली, "माझं आहे."

जन्मात मासळीबाजारात पाऊल न ठेवलेली माझी बायको मंगळवारी मंडईतून भाजी घेऊन, विचारत विचारत मासळीबाजारात गेली होती, पदर नाकाला लावून. "मी म्हटलं, चांगला मोठा द्या, लांबून दिसायला हवा. तो म्हणाला, साफ करून देऊ का? मी म्हटलं हो. घाण कशाला टाकायची ओढ्यात?"

मी हसलो असतो, पण सुनंदाचा चेहरा पाहिला. तिने वही मिटली होती.

"आता हा पट्टा कोरा ठेवावा लागते काका. इथं जे काही मिळंन, ते कोणी तरी सोडलं असंच म्हणतील. आणि बरोबर म्हणतील."

तेवढ्यात भिंतीच्या टोकाला आगटे आले. त्यांनी फोन काढून पापलेटचे तीन फोटो घेतले, एक लांबून, दोन जवळून. "सुनावणीला उपयोगी पडतील," म्हणाले, आणि फिरायला गेले.

घरी आल्यावर मी कुमुदवर चिडलो. चांगलाच. एवढी वर्षं संसार केला, मला एका शब्दाने विचारायचं तरी. तिने पोळी लाटणं थांबवलं नाही.

"सोमवारी जेवताना तुम्ही बोललात," ती म्हणाली. "दोन वर्षांनी. आमटीची वाटी उलटी घालून. मला वाटलं, हा ओढा गेला तर हेही जाईल. मग माझं डोकं चाललं नाही."

मी उठून पाणी प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं ते तिला दिसू नये म्हणून मी माठापाशीच उभा राहिलो. मग तिच्याकडे पाठ ठेवूनच म्हणालो की चुकलं माझं, खोटी रेषा आधी मी काढली, पापलेट नंतर आलं.

गुरुवार, तिथेच, आणि पुढे नदीपर्यंत

सकाळी सुनंदा खाली एक मोठा कागद घेऊन उभी होती. तिचं म्हणणं सोपं होतं. ज्याने जे सोडलं ते त्याने लिहून द्यायचं, सहीनिशी. मग एकूणएक परत पकडायचं. यादी आणि बादली जुळली की त्यानंतर जे उरेल, आणि जे बाजारात मिळतच नाही, ते ओढ्याचं.

लिहून द्यायचं म्हटल्यावर आमच्या लोकांना हुरूप आला. साठेकाकूंनी 'सोनेरी मासे, नग तीन, नावे सोन्या, सोनी व धाकटी' असं लिहिलं. कर्नलसाहेबांनी तारीख, वेळ आणि सोडल्याचं ठिकाण घातलं. कुमुदने 'पापलेट, नग एक, साफ केलेले' लिहून लफ्फेदार सही केली.

मग सगळे ओढ्यात उतरले. मी तीस वर्षं तिथे राहतो, पण घरामागच्या पाण्यात माणसं उतरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. विजारी दुमडलेल्या, साड्या खोचलेल्या. हातांत पुरणाची चाळणी, तळणीचा झारा, जुनी मच्छरदाणी. सोन्या लगेच सापडला, सोनी चाळणीत आली, धाकटीने दीड तास घेतला. मन्या स्वतःहून आला. आगटे भिंतीवर उभे राहून सांगत होते की आपला या प्रकाराला विरोध असल्याची नोंद करावी. सुनंदाने ती केली.

कुमुद चहाची गाळणी घेऊन जुन्या धुण्याच्या दगडापाशी, जिथे पाणी खळखळत पडतं तिथे वाकली होती. पापलेट तिने केव्हाच पिशवीत भरलं होतं. तिला आता दुसऱ्या कोणाचा तरी मासा शोधून द्यायचा होता.

"अहो," तिने हाक मारली. "गाळणीला काहीतरी चिकटलंय. सुटत नाहीये."

मी गेलो. गाळणीच्या जाळीला खालून, नखाएवढं काहीतरी धरून बसलं होतं. इतकं पातळ की त्यातून जाळी दिसत होती. कुमुदने गाळणी हलवली, उलटी केली, पाण्यात आपटली. ते सुटलं नाही.

सुनंदा पाण्यातून धावत आली, आणि एवढंच म्हणाली, "काकू, हलू नका जी."

तिने भिंग लावून पाहिलं, बराच वेळ. मग तिचा आवाज बदलला.

"मळ्याचं पिल्लू आहे. हे इथंच जन्मलं. मोठा मासा एखादा आणून टाकंन कोणी, हे कुठून आणंन?"

मग तिने त्या धुण्याच्या दगडाखालचे छोटे दगड एकेक उचलले. खाली मोठे मळ्ये होते, दोन, तीन, पुढे आणखी. वाळूत मुरीच्या मिशा होत्या. सावलीतल्या डोहात दांडवण आपली सरळ रेघ घेऊन फिरत होते. आम्ही तीस वर्षं त्यांच्यावर न्हाणीघराची खिडकी उघडत होतो.

"हेही सोडलेलेच असतील," वरून आगटे म्हणाले.

"सोडून दाखवा काका," सुनंदा म्हणाली. "कुठल्या दुकानातून आणता ते सांगा, मीच येते सोबत."

आगट्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा नोंद करायला सांगितली.

उरलेला प्रवास दुपारनंतर उरकला. खालच्या भागात ओढा काँक्रीटच्या नळातून जातो, तिथे लिहायला फक्त 'नाही' हा शब्द लागला, बऱ्याच वेळा. शेवटी नदी आली. आमचा ओढा एका मोठ्या पाइपातून तिच्यात पडतो. तिथे एक चिलापी उभा होता, स्वागताला आल्यासारखा. त्याला बाहेरच्या रकान्यात टाकून आम्ही उसाचा रस प्यायलो आणि रिक्षाने अर्ध्या तासात घरी आलो.

शुक्रवार, सुनावणी

सुनावणी घेणारे साहेब दमलेले पण शांत गृहस्थ होते. आगट्यांनी पहिल्यांदा पापलेटचा फोटो पुढे केला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला.

"हा साफ केलेला आहे."

"हो," आगटे म्हणाले. "यांनीच टाकला."

"मग हा ओढ्यात राहत होता, असं कोणाचं म्हणणं आहे?"

"कोणाचंच नाही," सुनंदा म्हणाली, आणि सह्यांची यादी दिली. साहेबांनी ती सोन्या-सोनीपर्यंत वाचली, चष्मा पुसला आणि पुढची वाचली.

मग आगट्यांनी माझा जुना आराखडा काढला. तेच त्यांचं खरं हत्यार होतं. "यात ओढा झाकलेला आहे. सोसायटीच्याच माणसाने काढलाय. मग उघडा कुठून आला?"

"सही कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," मी म्हणालो. "पण रेषा खोटी आहे. ओढा तेव्हाही उघडा होता, आजही आहे. खरा हा," आणि मी रात्री शाईने काढलेला नकाशा टेबलावर पसरला. डोंगरापासून नदीपर्यंत. आमच्यामागची रेषा सलग.

"म्हणजे तुम्ही स्वतःच्याच आराखड्यावर हरकत घेताय?"

"हो."

"तसा रकाना नाही अर्जात." त्यांनी अर्ज पुन्हा चाळला. "बरं. हरकत घेणाऱ्याचं नाव लिहा. खाली, ज्याच्याविरुद्ध हरकत त्याचंही नाव लिहा."

मी दोन्हीकडे माझंच नाव लिहिलं आणि दोनदा सही केली. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "हा ठिपका. पकडणाऱ्याचं नाव सौ. कुमुद. साधन, चहाची गाळणी?"

"हो."

त्यांनी जागेवर येऊन बघेपर्यंत काम थांबवावं, असा शेरा मारला. पुढच्या आठवड्यात ते खरंच आले, बूट घालून उतरले, आणि धुण्याच्या दगडाखाली हात घालून त्यांनी स्वतः एक मळ्या पाहिला. स्लॅबचा अर्ज नामंजूर होऊन परत आला. आगटे आता मला जिन्यात भेटले की फक्त मान हलवतात, पण परवा त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीतून ते खाली ओढ्याकडे बघताना मला दिसले.

नकाशाची एक प्रत मी आमच्या हॉलमध्ये लावली, जिथे वाकडं कॅलेंडर होतं तिथे. कुमुद कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"माझा ठिपका जरा मोठा काढायचा होतात," ती म्हणाली.

"नकाशा प्रमाणात आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि नव्या गाळणीने चहा गाळायला आत गेली.

कार्यालयात दिलेली प्रत वेगळी, ही घरची. मी पेन काढलं आणि ठिपका मोठा केला.